विस्मरणाचे रुग्ण आणि विसराळू दिल्ली

जबलपूरहून भोपाळकडे निघालेल्या रस्त्यावर तीसेक किलोमीटर गेले की शहपुरा लागते. (डिंडोरी जिल्ह्यातही याच नावाचे गाव आहे, हे त्याहून निराळे.) तहसिलीचे ठिकाण, नर्मदेच्या खोऱ्यातील जमीन आणि हिवाळ्यात मटारच्या गोण्यांनी भरलेल्या गाड्यांची रीघ. रेल्वेच्या वेळापत्रकात मात्र या गावाची ओळख भिटौनी या स्थानकाच्या नावाने होते. त्या स्थानकाच्या बाकावर गेली दोनेक वर्षे एक वृद्ध गृहस्थ अधूनमधून येऊन बसतात. इटारसीकडून आलेली गाडी थांबली की उठून डब्यांकडे पाहतात, गाडी सुटली की पुन्हा बसतात. त्यांचे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते आणि सुट्टीत याच मार्गाने घरी येत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. वडिलांना जाऊनही चार दशके उलटली. या गृहस्थांच्या लेखी मात्र त्यातले काहीच घडलेले नाही.

ते नात्याने माझे दूरचे काका. निवृत्त शिक्षक, वय चौऱ्याऐंशी. गेल्या हिवाळ्यात मी शहपुऱ्याला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तासाभरात त्यांनी मला तीनदा विचारले, ‘तू कुणाचा रे?’ तिन्ही वेळा माझे उत्तर ऐकून त्यांना सारखाच आनंद झाला. काकू आतून म्हणाल्या, ‘रोज हेच चालते. स्टेशनमास्तर भले आहेत, फोन करतात. मग शेजारचा पोरगा मोटरसायकलवर बसवून घेऊन येतो.’ त्यांचा मुलगा दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव आहे. वर्षाची सारी रजा त्याने जबलपूरच्या फेऱ्यांवर संपवली आहे. हा मजकूर वाचणाऱ्या अनेक मराठी अधिकाऱ्यांच्या घरी, गाव कोणतेही असो, हाच हिशेब चालू असणार.

काकांना तपासणाऱ्या एका दवाखान्यात सांगण्यात आले, ‘वय झाले की असे होतेच.’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे नागपूरच्या एका मेंदुविकारतज्ज्ञाने या आजाराला नाव दिले : अल्झायमर. तोपर्यंत दीड वर्ष गेले होते.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. ‘म्हातारचळ’ हा शब्दही तितकाच जुना आणि हिंदीतले ‘सठिया जाना’ त्याचेच भावंड. समाज ज्या गोष्टीसाठी म्हण तयार करतो तिच्यासाठी सहसा धोरण तयार करत नाही; ती त्याला स्वाभाविकच वाटत असते. वास्तविक अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने या आजाराची पहिली रुग्णकथा १९०६ मध्ये ट्युबिंगनच्या परिषदेत मांडली होती आणि ती रुग्ण महिला पन्नाशीच्या आसपासची होती. म्हातारपण आणि हा आजार यांचा संबंध आहे. पण म्हातारपण म्हणजे हा आजार नव्हे, हे वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांपूर्वीच उमगले होते. स्मृतिभ्रंशाच्या एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये त्याचे कारण अल्झायमर असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्यांत पक्षाघात, मेंदूतील रक्तवाहिन्यांचे विकार आणि इतर कारणे येतात.

आकडे आले, आराखडा नाही

भारतात असे रुग्ण किती, या प्रश्नाचे ठोस उत्तर दीर्घकाळ कोणाकडेच नव्हते. ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ या १९९२ मध्ये केरळात उभ्या राहिलेल्या संस्थेने २०१० मध्ये जो अहवाल सादर केला त्यात हा आकडा ३७ लाख होता. त्यानंतर केंद्र सरकारच्याच पाठबळाने ज्येष्ठांची देशव्यापी पाहणी झाली आणि तिच्या आधारे झालेल्या सखोल अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. साठीपुढील लोकसंख्येत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीय, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असे हा अभ्यास सांगतो. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा त्याचा अंदाज आहे. एक हजार ज्येष्ठांमागे ७४ रुग्ण. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, शहरांपेक्षा खेड्यांमध्ये आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक आहे. दिल्लीतील सुखवस्तू निवृत्तांचा आजार अशी जी याची प्रतिमा आहे, तिला या आकड्यांनी पुरता छेद दिला. हा आजार दक्षिण दिल्लीपेक्षा शहपुऱ्याचा अधिक आहे.

तरीही सरकारदरबारी हालचाल दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण सभेने मे २०१७ मध्ये स्मृतिभ्रंशाविषयीचा जागतिक कृती आराखडा मंजूर केला. २०२५ पर्यंत तीनचतुर्थांश सदस्य देशांनी आपापले राष्ट्रीय धोरण तयार करावे, असे त्यात ठरले. भारताचे प्रतिनिधी त्या सभेचे सदस्य आहेत. मुदत संपली, तोवर भारताचा स्वतंत्र राष्ट्रीय आराखडा जाहीर झाला नव्हता. अनेक देश मागे राहिले म्हणून मे २०२५ मध्ये ती मुदत २०३१ पर्यंत वाढवण्यात आली. परीक्षा पुढे ढकलली की अभ्यास न केलेल्या मुलाला जो दिलासा मिळतो, तो आपल्याला मिळाला.

आराखडा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मंत्रालयात हमखास विचारला जातो आणि तो गैर नाही. कागदावरचे आराखडे दिल्लीत पुष्कळ आहेत. म्हणून आधी हे पाहावे की आज प्रत्यक्षात काय आहे आणि ते कुठे अडते.

गावोगावी फिरणारी आशा कार्यकर्ती तिशीपुढील प्रत्येकाचा एक तपासणी-तक्ता भरते. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या जोखमीचे प्रश्न त्यात असतात. त्याच तक्त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी वेगळे चार प्रश्न आहेत. त्यांतील एक असा : जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता का? उत्तर ‘होय’ असेल तर जवळच्या आरोग्य केंद्राला कळवावे, अशी सूचनाही त्याखाली छापलेली आहे. म्हणजे अल्झायमरची पहिली चाळणी सरकारी कागदावर आधीच आहे. तिच्यासाठी नवा कर्मचारी नको, नवी योजना नको. प्रश्न आहे तो ‘होय’ या खुणेनंतरचा. रक्तदाबाचा रुग्ण आढळला की पुढचे पाऊल ठरलेले आहे : औषध कोणते, कोण देणार, पुन्हा केव्हा तपासायचे. विस्मरणाच्या चौकटीत खूण झाली की पुढे कोण काय करणार, हे आरोग्य केंद्रातील कोणाला तितक्या नेमकेपणाने सांगता येत नाही. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि खालच्या केंद्रांत ज्येष्ठांसाठी ठरावीक दिवशी बाह्यरुग्ण तपासणी अपेक्षित आहे. पण तपासणी करायची कोणी? बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत केरळात एक लाख लोकसंख्येमागे १.२ मनोविकारतज्ज्ञ आढळले, मध्य प्रदेशात ०.०५. दुसऱ्या शब्दांत, वीस लाख माणसांमागे एक.

येथे हरियाणातील बल्लभगडचा उल्लेख करायला हवा. दिल्लीच्या वेशीवरच्या या भागातील खेड्यांत १९९० च्या दशकात भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला. पाश्चात्त्य देशांतील स्मरणशक्तीच्या चाचणीत वाक्य लिहून दाखवा, आकृती काढा, असे प्रश्न असतात. ज्याने आयुष्यात लेखणी धरली नाही तो त्यात नापासच होणार. म्हणून संशोधकांनी निरक्षर ग्रामस्थांना विचारता येतील असे प्रश्न बेतून १९९५ मध्ये हिंदी चाचणी तयार केली. तिला आता तीन दशके झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अलीकडे अशाच चाचण्यांचा अधिक सखोल संच तयार केला. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा होत्या. पहिल्या पाचांत मराठी नव्हती, याची नोंद मराठी खासदारांनी कधी घेतली काय, हे त्यांनाच विचारावे लागेल. हिंदी तर पहिल्यापासून आहे. साधन आहे, त्या साधनाच्या भाषेत बोलणारे कोट्यवधी लोक आहेत. ते साधन तालुक्याच्या डॉक्टरच्या हाती पडलेले नाही, इतकाच काय तो फरक.

चार विभागांच्या मध्ये

संसदेचे वार्तांकन करताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. जो विषय एका मंत्रालयाचा असतो त्याचे बरेवाईट काहीतरी होते; जो विषय दोघांचा असतो तो लोंबकळतो. अल्झायमर तर चार विभागांचा आहे. मानसिक आरोग्य आणि रुग्णालये आरोग्य मंत्रालयाकडे. ज्येष्ठ नागरिक सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. अपंगत्व त्याच मंत्रालयातील पण वेगळ्या सचिवांच्या विभागाकडे. आणि रुग्णाची सही, मालमत्ता, पालकत्व हे प्रश्न विधी मंत्रालयाकडे. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या ज्येष्ठांसाठीच्या योजनेत अल्झायमरग्रस्तांना सांभाळणाऱ्या निवासांना अनुदान देण्याची तरतूद आहे, हे आरोग्य खात्यातील कित्येकांना ठाऊक नसते. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदत क्रमांक एका मंत्रालयाचा, मानसिक आरोग्याचा १४४१६ दुसऱ्याचा. स्टेशनवरून काकांना घरी आणणाऱ्या पोराने यांपैकी कोणता फिरवायचा?

सभागृहात प्रश्न आला की उत्तर ठरलेले असते : सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. राज्यसूचीतील सहावी नोंद तशी आहेच, उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अर्धे आहे. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील सोळावी नोंद मनोविकार आणि मनोदौर्बल्य यांविषयी आहे. त्यांच्या उपचारस्थळांचा उल्लेखही तीत स्पष्ट आहे. याच सूचीतील सातवी नोंद करार आणि मुखत्यारी यांची, तर तेविसावी सामाजिक सुरक्षेची. संसदेने २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा केला तेव्हा आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, ही अडचण कोणाला आली नव्हती. त्या कायद्याने मानसिक आजाराची जी व्याख्या केली तीत विचार आणि भावना यांच्या जोडीला स्थळकाळाचे भान आणि स्मृती हे शब्द आहेत. काकांचे नाव तीत नाही, पण वर्णन त्यांचेच आहे.

असे असताना अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्याची अनुसूची पाहिली तर आश्चर्य वाटते. दीर्घकालीन मज्जाविकार या गटात तीत मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत. अल्झायमर किंवा स्मृतिभ्रंश हा शब्द नाही. चतुर वकील ‘मानसिक आजार’ या दुसऱ्या गटातून वाट काढू शकतो. पण जिल्ह्याच्या ठिकाणी प्रमाणपत्र देणारे मंडळ छापील नाव शोधते, व्याख्येचा कीस काढत बसत नाही. गंमत अशी की प्राप्तिकर खात्याला हा आजार फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालील नियम ११ डीडीमध्ये उपचारखर्चाच्या वजावटीसाठी ज्या मज्जाविकारांची यादी दिली, तीत डिमेन्शिया नावानिशी होता. अट एकच, ४० टक्के अपंगत्व प्रमाणित हवे. वजावट देणाऱ्या कायद्यात नाव आहे, अपंगत्व मोजणाऱ्या कायद्यात नाही. एकाच सरकारच्या दोन खात्यांनी परस्परांचे कागद वाचले नाहीत की असे होते. हे दुरुस्त करायला विधेयकसुद्धा लागत नाही. अपंगत्वाच्या अनुसूचीत नवा प्रवर्ग अधिसूचनेद्वारे घालण्याचा अधिकार कायद्याने केंद्र सरकारला दिलेला आहे. एक टिपणी, एक सही आणि राजपत्रातील अर्धे पान.

जॉर्ज यांचे अखेरचे सदस्यत्व

हा प्रश्न संसदेच्या दारापर्यंत कधी आलाच नाही, असे म्हणता येणार नाही. तो आत येऊन बसला होता. जबलपूर आणि जॉर्ज फर्नांडिस यांचा या संदर्भातील धागा फारसा आठवला जात नाही. १९७४ हे रेल्वेसंपाचे वर्ष. त्या संपाचे नेते जॉर्ज. त्याच वर्षी सेठ गोविंददास यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जबलपूरच्या जागेवर जयप्रकाशांच्या आशीर्वादाने शरद यादव हे तरुण विद्यार्थी नेते उभे राहिले आणि निवडून आले. पुढे दोघे एकाच पक्षात आले. २००९ मध्ये प्रकृतीचे कारण देऊन संयुक्त जनता दलाने जॉर्ज यांना लोकसभेची उमेदवारी नाकारली. मुझफ्फरपूरमधून ते अपक्ष लढले आणि हरले. काही आठवड्यांतच शरद यादव यांनी रिकामी केलेली राज्यसभेची जागा त्यांना बिनविरोध मिळाली. ४ ऑगस्ट २००९ रोजी त्यांनी शपथ घेतली. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांना आडवे करणारा, मराठीत सभा गाजवणारा, कोकण रेल्वेला रुळांवर आणणारा हा नेता तेव्हा अल्झायमर आणि पार्किन्सन या दोन्ही आजारांनी खंगला होता.

त्यानंतरचे वर्ष अधिक क्लेशकारक होते. जॉर्ज यांनी कोठे राहावे, त्यांना कोणी भेटावे, त्यांच्या मुखत्यारपत्राचे काय, यावरून पत्नी, भाऊ आणि राजकीय सहकारी यांच्यातील वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ते पत्नीकडेच राहतील आणि भावांना भेटता येईल, असे न्यायालयाने जुलै २०१० मध्ये ठरवले. त्याच महिन्यात त्यांची राज्यसभेची मुदत संपली. २९ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. देशाचा संरक्षणमंत्री राहिलेल्या माणसाच्या इच्छेचा निवाडा न्यायाधीशांना करावा लागला. ज्यांच्या घरात वकील लावण्याची ऐपत नाही त्यांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. अटलबिहारी वाजपेयी यांच्या स्मृतिभ्रंशाविषयीही वृत्तपत्रांत अनेक वर्षे छापून येत होते. धोरणाच्या पातळीवर त्यातून काही निघाले नाही. अमेरिकेत रोनाल्ड रेगन यांनी ५ नोव्हेंबर १९९४ रोजी स्वतः पत्र लिहून आपला आजार जनतेला कळवला, आणि ४ जानेवारी २०११ रोजी ओबामांच्या सहीने तेथे राष्ट्रीय अल्झायमर प्रकल्पाचा कायदा झाला. मध्ये सोळा वर्षे गेली, हेही खरे.

जॉर्ज यांच्या प्रकरणातील कायद्याचा मुद्दा मात्र आजही तसाच आहे, आणि माझ्या मते संसदेने सर्वांत आधी हात घालावा तो यालाच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २०१ सांगते की मालकाची बुद्धी विकल झाली की त्याने दिलेली मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस शहाणपणाने मुखत्यारपत्र करून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी ते रद्द होते. इंग्लंडने ही विसंगती १९८५ च्या कायद्याने दूर केली आणि २००५ मध्ये मानसिक क्षमतेचा व्यापक कायदा केला. आपण इंग्रजांचा जुना नियम जपला, त्यांनी केलेली दुरुस्ती घेतली नाही. त्यात आणखी एक खड्डा २०१७ ने खणला. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचे एक प्रकरण होते. नव्या कायद्याने रुग्णाला अधिकार दिले, उपचारांपुरता नामनिर्देशित प्रतिनिधी दिला. मालमत्तेच्या पालकत्वाचे ते प्रकरण मात्र जुन्या कायद्यासोबत नाहीसे झाले. राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता आहे. अपंगत्वाच्या कायद्यातील मर्यादित पालकत्वासाठी आधी अपंगत्व सिद्ध व्हायला हवे, आणि तिथे पुन्हा अनुसूचीशी गाठ. उरतो उच्च न्यायालयाचा रिट अधिकार. शहपुऱ्याच्या रहिवाशाला तुलनेने बरे, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपुरातच आहे. गडचिरोलीच्या माणसाने नागपूर गाठायचे.

काकांच्या बाबतीत हे सारे एका सहीवर येऊन ठेपले. एका बँकेच्या शाखेत त्यांची सही जुळेना. अंगठा आणि दोन साक्षीदार यांची सोय अशक्त खातेदारांसाठी आहे. परंतु अधिकाऱ्याने विचारले, ‘ते काय करत आहेत हे त्यांना समजते का?’ खरे उत्तर दिले तर खाते गोठते, खोटे दिले तर काकू अपराधी. त्या अधिकाऱ्याला दोष देता येत नाही. त्याच्यापुढे कायदा नव्हता.

पैशाची गोष्ट

अर्थ मंत्रालय विचारील, खर्च किती? २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. स्वागतार्ह पाऊल, यात शंका नाही. पण ते रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. अल्झायमरचा रुग्ण क्वचितच दाखल होतो. तो आठ-दहा वर्षे घरी असतो आणि त्याच्यामागे चोवीस तास एक माणूस लागतो. तो माणूस बहुधा बायको, सून किंवा मुलगी असते. तिच्या श्रमाचे बिल कोणत्याही योजनेत सादर होत नाही. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झालेल्या लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या महागड्या औषधांची चर्चा दिल्लीच्या बड्या रुग्णालयांत चालते. ती आजाराच्या आरंभीच्या अवस्थेत, मेंदूच्या खास चित्रणानंतर आणि सतत देखरेखीखाली द्यायची असतात. शहपुऱ्याच्या संदर्भात ती चर्चा तूर्त बाजूला ठेवलेली बरी.

तेथे उपयोगी पडेल असा प्रयोग आपल्याच मुलखात झालेला आहे. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, थोडेसे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक सल्लागारांनी रुग्णांच्या घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना धीर दिला. रुग्ण संतापला तर काय करावे, रात्री भटकू लागला तर काय, अंघोळ कशी घालावी, सरकारी योजना कोणत्या, हे समजावून सांगितले. सांभाळणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यात त्याने सुधारणा झाली. यंत्रे नाहीत, इमारत नाही. केरळने २०१४ मध्ये त्या संस्थेच्या साथीने राज्याचा स्वतःचा स्मृतिभ्रंश उपक्रम सुरू केला. गोव्याचा धडा आणि आशाचा तक्ता एकत्र आणले तर राष्ट्रीय कार्यक्रमाचा पहिला टप्पा उभा राहतो. आशांवर आधीच किती ओझे आहे, हे मी जाणतो. त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न टाळून हे काम त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

प्रतिबंधाचाही भाग आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा जोखीमघटक सांगितले. ते आवरले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील, असा त्याचा हिशेब आहे. त्यांत रक्तदाब आणि मधुमेह आहेत, अल्पशिक्षण आहे, एकटेपणा आहे, बहिरेपणा आणि अधू दृष्टी आहे. हवेचे प्रदूषणही आहे, जे दिल्लीकराला वेगळे सांगायला नको. कानाचे यंत्र आणि चष्मा गरीब ज्येष्ठांना देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ पासून चालू आहे. ती स्मृतिभ्रंशाविरुद्धची योजना आहे असे तिच्या कागदपत्रांत कोणी लिहिलेले नाही. लिहिले तर तिच्या शिबिरांत आणखी चार प्रश्न विचारता येतील.

जपानचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते, पण त्याच्या पैशासाठी नव्हे. तेथे स्मृतिभ्रंशाला रूढ असलेला शब्द मूर्खपणा सुचवणारा होता. सरकारने समिती नेमून २००४ मध्ये तो बदलला. पुढच्या वर्षापासून सामान्य नागरिक, दुकानदार, बँकेतील आणि स्थानकांवरील कर्मचारी यांना या रुग्णांशी कसे वागावे याचे छोटे प्रशिक्षण सुरू झाले. एक कोटीहून अधिक लोकांनी ते घेतले. मूलभूत कायदा त्यानंतर, जून २०२३ मध्ये आला. भिटौनीच्या स्टेशनमास्तरांना असे कोणी शिकवलेले नाही. त्यांनी ते आपणहून केले.

आता राजकारण. खासगी विधेयकाने हे होणार नाही. शुक्रवारी दुपारी मांडल्या जाणाऱ्या त्या विधेयकांपैकी कायद्यात रूपांतर झालेले शेवटचे विधेयक १९७० मधले आहे. पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात सुधारणा करणारे सरकारचे स्वतःचे २०१९ चे विधेयकसुद्धा स्थायी समितीची फेरी करून सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. निर्वाहभत्त्याची दहा हजारांची कमाल मर्यादा काढण्याची तरतूद त्यात होती. ते पुन्हा मांडताना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे पालकत्व आणि टिकाऊ मुखत्यारपत्र यांचे प्रकरण त्यात जोडणे हा सर्वांत जवळचा रस्ता दिसतो. ज्येष्ठांच्या मतांकडे कोणत्याही पक्षाचे दुर्लक्ष नाही. तीर्थयात्रा योजना सर्वांच्या आहेत. अडचण इतकीच की या आजाराचा रुग्ण मोर्चा काढत नाही, आणि त्याला सांभाळणारी बाई घर सोडून जंतरमंतरला येऊ शकत नाही.

राहिला प्रश्न रजेचा, जो या पानाच्या बहुतेक वाचकांचा स्वतःचा आहे. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत कार्मिक राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी लेखी उत्तरात सांगितले की केंद्रीय कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धपगारी, ८ दिवस नैमित्तिक आणि २ दिवस वैकल्पिक रजा मिळते आणि ती वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसह कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येते. उत्तर बिनचूक होते. नवीन त्यात काही नव्हते. मुलांच्या संगोपनासाठी महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात ७३० दिवसांची वेगळी रजा आहे आणि ती योग्यच आहे. आईवडिलांच्या बालपणासाठी तशी वेगळी नोंद नियमांत नाही.

यंदा नोव्हेंबरात काकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी मुलगा दिल्लीहून गेला होता. आता बँकेत जावे लागत नाही, मोबाइलवर चेहरा दाखवला की पुरते. पडद्यावर सूचना येते, डोळे मिटा आणि उघडा. काकांना ती कळेना. ते मुलाकडे पाहून हसत राहिले. अखेर काकूंनी त्यांच्या तोंडावर हलकेच फुंकर घातली, पापण्या लवल्या आणि दाखला मिळाला. मुलाची त्या वर्षाची अखेरची नैमित्तिक रजा त्यात संपली. रात्रीच्या गाडीने तो दिल्लीला परतला. त्याला पोहोचवायला काका स्थानकावर आले होते आणि गाडी सुटल्यावर तेथून हलायला तयार नव्हते, असे काकूंनी फोनवर सांगितले.